वॉशरवर पेललेला भार

फोर्कलिफ्ट गोदामात उभी आहे. मास्ट, म्हणजे काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, सरळ आहे, काट्यांवर पूर्ण क्षमतेचा भार वर उचललेला आहे, इंजिन बंद आहे आणि लिव्हरला कुणाचाही हात लागलेला नाही. तरीही मास्ट अगदी सावकाश पुढे झुकू शकतो, कारण त्याला धरून ठेवणाऱ्या सिलिंडरमधले तेल आतल्या आत गळत असते. यंत्राच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेले आंतरराष्ट्रीय मानक त्याला तशी मर्यादित मुभाही देते: पहिल्या 10 मिनिटांत सरासरीने मिनिटाला अर्धा अंश, त्याहून जास्त नाही. हिशेब केला तर 10 मिनिटांत 5 अंश होतात, आणि 3 मीटर उंचीवर 5 अंश म्हणजे भार सुमारे 26 सेंटीमीटर, वीतभराहून जास्त, पुढे सरकलेला असतो. हा आकडा प्रथम वाचणाऱ्याला वाटेल की मानक लिहिणाऱ्यांनी ढिलाई केली. मला तो फार प्रामाणिक आकडा वाटतो. पूर्णपणे न गळणारा सिलिंडर अस्तित्वात नाही, ही कबुली त्यात आहे. आणि गळती किती चालेल हे मोजून ठरवता येते, हा विश्वासही त्यात आहे. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: एका माणसाच्या हाताने किती टन उचलले गेले, कोणता पूल वर चढवला गेला. माझे म्हणणे असे की तो मुळात गळतीशी केलेल्या व्यवहाराचा इतिहास आहे, आणि सिलिंडर तपासणे हे या यंत्रांच्या शोधानंतरचे दुय्यम काम नसून शोधाचाच शेवटचा, कधीही न संपणारा टप्पा आहे.

सुरुवात पास्कलपासून होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, म्हणून लहान दट्ट्यावरच्या थोड्या जोराने मोठ्या दट्ट्यावर मोठा भार पेलता येतो, हे त्याने लिहून ठेवले आणि त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये ते छापून आले. त्या लिखाणात हायड्रॉलिक प्रेसची कल्पना जवळजवळ पूर्ण आहे. पण जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने अशा प्रेसचे पेटंट घेतले ते 1795 मध्ये. मधली 132 वर्षे कशात गेली? नियम माहीत होता, पंप माहीत होते, पाणी तर होतेच. अडचण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत होती. फट ठेवली तर दाबाखालचे पाणी उडून जाई. फट बंद करण्यासाठी ताग किंवा चामडे ठासून भरले तर दट्ट्या इतका आवळला जाई की परत खाली येतच नसे. भार उचलायचा तर घट्टपणा हवा आणि हालचाल करायची तर सैलपणा हवा, अशी ही कोंडी होती.

ती सुटली चामड्याच्या एका कडीने. इंग्रजी U अक्षरासारखा छेद असलेली कडी दट्ट्याभोवतीच्या खोबणीत बसवायची, तिची पोकळ बाजू पाण्याकडे ठेवायची. पंप चालू झाला की पाणी त्या पोकळीत शिरते आणि कडीचे दोन्ही ओठ फाकवते. एक ओठ दट्ट्याला चिकटतो, दुसरा सिलिंडरला. दाब जितका वाढेल तितकी कडी घट्ट, दाब सोडला की कडी सैल. जे पाणी निसटू पाहते तेच स्वतःची वाट बंद करते. या कडीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिले जाते. काही जण ते बोल्टनच्या बेंजामिन हिकला देतात. श्रेय कुणाचेही असो, वाद कशावर आहे ते पाहण्यासारखे आहे. प्रेसची ताकद कुणाची यावर भांडण नाही, कडी कुणाची यावर आहे. त्या काळच्या जाणकारांना खरा शोध कुठे आहे ते कळले होते. मराठी घरांना ही कडी नवी नाही. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात आणि सायकलच्या पंपात वाटीसारखा चामड्याचा वॉशर असायचा. तो सुकला की पंप हवा धरेनासा व्हायचा, मग खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून, बोटांनी ओठ जरा फाकवून तो पुन्हा बसवायचा. दाबाने स्वतः फाकून भिंतीला टेकणारा ओठ, हे तत्त्व तेच. आणि त्या वॉशरला तेल पाजणे हा पंप वापरण्याचाच भाग आहे, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. 132 वर्षांच्या विलंबाला फक्त वॉशर कारण नव्हता. गोल आणि गुळगुळीत सिलिंडर कोरण्याचे यंत्रच मुळी उशिरा आले. जॉन विल्किन्सनचे बोअरिंगचे यंत्र 1770 च्या दशकातले, आणि त्याच्यामुळेच जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला नीट सिलिंडर मिळाला. हे खरे आहे आणि ते वगळून इतिहास सांगता येणार नाही. पण वाफेच्या इंजिनातला दाब त्या काळी वातावरणाच्या दाबाच्या आसपासचा होता, तिथे थोडी फट चालून जात असे. प्रेसमधला दाब त्याच्या कितीतरी पट. तिथे चांगले कोरलेले भोक फट लहान करते, नाहीशी करत नाही. आणि दाब वाढला की केसाएवढी फटही पुरते. शिवाय धातूवर धातू घासत राहिला की आज लहान असलेली फट उद्या मोठी होते. बोअरिंगच्या यंत्राने सिलिंडर पहिल्या दिवशी चांगला दिला. तो हजाराव्या दिवशी चांगला ठेवला बदलता येणाऱ्या कडीने. झिजण्याचे काम एका स्वस्त, मऊ, बदलता येण्याजोग्या भागाकडे सोपवायचे आणि महाग भाग वाचवायचा, ही ब्रामाच्या काळापासूनची युक्ती आजच्या प्रत्येक सील किटमध्ये जिवंत आहे.

पुढचा टप्पा बंदरांचा. न्यूकॅसलचा विल्यम आर्मस्ट्राँग पेशाने वकील होता. 1846 मध्ये त्याने तिथल्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी हायड्रॉलिक क्रेन उभी करून दाखवली. नंतर त्याने जड वजनाखाली पाणी दाबून साठवणारे अ‍ॅक्युम्युलेटर बनवले आणि मग बंदरे, रेल्वेची आवारे, पुलांची दारे पाण्याच्या दाबावर हलू लागली. लंडनमध्ये तर दाबाखालचे पाणी रस्त्यांखालच्या नळांतून विकणारी कंपनी 1883 मध्ये सुरू झाली आणि ती 1977 पर्यंत चालली. या वैभवाच्या आरंभीच एक घटना आहे, जी माझ्या मते साऱ्या हायड्रॉलिक देखभालीचा मूळ धडा आहे. 1849 मध्ये वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पुलाचे लोखंडी नळीच्या आकाराचे प्रचंड गाळे हायड्रॉलिक प्रेसने वर चढवले जात होते. मोठा गाळा 460 फुटांचा. अभियंता रॉबर्ट स्टीफनसनने आग्रह धरला होता की नळी जसजशी वर जाईल तसतसा तिच्याखाली आधार भरत जायचा, फक्त प्रेसच्या भरवशावर ती लटकत ठेवायची नाही. ऑगस्टमध्ये प्रेसच्या ओतीव सिलिंडरचा तळ फुटला. त्या अपघातात एका कामगाराचा जीव गेला. पण नळी काही इंचच खाली आली आणि भरलेल्या आधारावर टेकली. आधार नसता तर गाळा पाण्यात गेला असता आणि सोबत आणखी माणसे गेली असती.

देखभाल आणि तपासणीचे नियम अभियंत्यांच्या बुद्धीतून आलेले नाहीत, ते कायद्याच्या आणि विम्याच्या धाकाने नंतर लादले गेले, असे म्हणणाऱ्यांना ब्रिटानिया पूल हे उत्तर आहे. स्टीफनसनला आधार भरायला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. दाबावर भार उचलावा, पण दाबावर भार ठेवू नये, हे त्याला यंत्राच्या स्वभावावरून कळले होते. कायदा मागून आला आणि त्याने हेच शहाणपण सर्वांना बंधनकारक केले. गोदी कामगारांना अपघातांपासून संरक्षण देण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1932 मध्ये जो करार सुधारला त्यात माल चढवण्याच्या यंत्रांची जाणकार माणसाकडून ठरावीक काळाने तपासणी करण्याची तरतूद आहे. त्याला अनुसरून हिंदुस्थानात 1934 चा गोदी कामगार कायदा झाला, पण तो अमलात यायला 1948 उजाडले. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने भार उचलणारी यंत्रे वर्षातून किमान एकदा कसून तपासायला आणि त्या तपासणीची नोंद ठेवायला सांगितले. समज आणि सक्ती यांच्यात असे दशकांचे अंतर पडले. पण क्रम तोच राहिला: आधी समज, मग सक्ती.

पाण्याची जागा तेलाने घेतली आणि गळतीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पाणी गंजवते, थंडीत गोठते आणि वंगण देत नाही. 1906 च्या सुमारास व्हर्जिनिया या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफा हलवण्यासाठी तेलावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली गेली, आणि आधुनिक तेल-हायड्रॉलिकचा आरंभ तिथून धरतात. तेल सिलिंडरला वंगण देत होते, पण यंत्रांच्या नव्या मागण्या चामड्याला पेलवेनात. दाब वाढला, वेग वाढला, उष्णता वाढली. मग रबर आले, आणि तेलात न फुगणारे कृत्रिम रबर 1930 च्या दशकात मिळू लागले. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सनने 1937 मध्ये ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याचे वय 72 होते. पेटंट 1939 मध्ये मिळाले. त्याच्या शोधाचे मर्म रबराच्या कडीत नाही, खोबणीच्या मापात आहे. कडीपेक्षा जराशी लांब खोबण ठेवली की दाब कडीला खोबणीच्या दूरच्या भिंतीकडे ढकलतो आणि कडी फटीवर चपखल दाबली जाते. ब्रामाच्या कारखान्यातल्या चामड्याने केले तेच आता गोल रबर करत होते. नवे शोध जुन्या तत्त्वाची साथ सोडत नव्हते, ते फक्त अधिक दाबाखाली तेच तत्त्व टिकवून धरत होते. त्याच 1937 सालात अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात डिझेल इंजिनाच्या बारीक, जोरदार फवाऱ्याने तेल त्वचेतून आत घुसल्याची नोंद छापून आली. फटीतून निसटणारे तेल माणसाला काय करू शकते हे त्यावरून कळले. आज फिटरला शिकवतात की होजची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. त्यामागे अशा जखमांचा इतिहास आहे.

या वाटेवर फोर्कलिफ्ट उशिरा आली. मिशिगनमधल्या बुकॅनन येथे क्लार्क कंपनीने 1917 मध्ये स्वतःच्या कारखान्यात माल हलवण्यासाठी ट्रकट्रॅक्टर नावाचे वाहन बनवले. ते पाहायला येणाऱ्यांनीही मागितले, म्हणून त्याची विक्री सुरू झाली. 1920 च्या दशकात उभा मास्ट, वर चढणारे काटे आणि हायड्रॉलिक ताकद एकत्र आली, आणि दुसऱ्या महायुद्धात पॅलेटच्या जोडीने ही गाडी जगभरच्या कोठारांत पोचली. भार उचलण्याचे काम मास्टमधले उभे सिलिंडर करतात. पण गाडी भार घेऊन चालू शकते ती मास्टच्या दोन बाजूंच्या टिल्ट सिलिंडरांमुळे. ते मास्टला मागे झुकवतात, म्हणून भार काट्यांवरून न घसरता पाठीशी टेकतो. अंतर्गत व्यास 75 मिलिमीटर असलेला सिलिंडर घेतला आणि चौरस सेंटीमीटरला 150 किलो दाब धरला, तर पिस्टनच्या पूर्ण बाजूवर सुमारे 6,600 किलोचा जोर तयार होतो. रॉडने जागा अडवलेल्या बाजूवर तो कमी भरतो. आणि वर उचललेला भार मास्टला पुढे ओढतो तेव्हा ही कमी क्षेत्रफळाची बाजूच सगळा ताण सहन करते. उचलणाऱ्या सिलिंडरमधली गळती भार खाली आणते. टिल्ट सिलिंडरमधली गळती भार पुढे नेते, म्हणजे गाडीचा तोल जिकडे जायला नको तिकडेच. म्हणून भार वर असताना मास्ट पुढे झुकवण्यावर कडक बंधने आली. अमेरिकेत 1971 पासून लागू असलेल्या नियमांनुसार भार उचलताना किंवा ठेवताना सोडून तसे करता येत नाही, आणि गाडी रोज, तीन पाळ्यांत चालत असेल तर प्रत्येक पाळीनंतर, तपासावी लागते.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहिले की इतिहासाचे सगळे थर एका ठिकाणी दिसतात. मास्ट पुढे सरकतो आहे एवढे कळल्याने दोष कुठे आहे ते कळत नाही. पिस्टनवरचे सील गेले असेल, कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल झिजला असेल, किंवा बाहेरच्या जोडातून तेल जात असेल. फिटरांच्या भाषेत प्रश्न असा असतो: सिलिंडर पास होतोय का व्हॉल्व्ह, म्हणजे तेल आतून कोण सोडतो आहे? उत्तर मिळवायचे तर भार उतरवायचा, मास्ट पूर्ण मागे घ्यायचा, दाब मोकळा करायचा आणि मास्टला साखळीने किंवा ठोकळ्याने असे जखडायचे की सिलिंडर निघाला तरी तो हलणार नाही. मेनाईच्या काठावर भरलेला आधार तो हाच. मग एका सिलिंडरच्या पिस्टनकडच्या बाजूचा होज सोडून होजचे तोंड बंद करायचे, आणि मागे झुकवण्याचा लिव्हर धरून सिलिंडरच्या उघड्या तोंडाकडे लांबून पाहायचे. पिस्टन टोकाला टेकलेला असताना तिथून तेल सतत येत राहिले, तर ते पिस्टन ओलांडून येते आहे आणि सील बदलायला हवे. काही आले नाही, तर दुसरा सिलिंडर तसाच पाहायचा आणि मग व्हॉल्व्हकडे वळायचे. सील बदलतानाही नुसते किट बसवून भागत नाही. रॉडवर ओरखडा असेल तर नवे सील काही दिवसांत कापले जाते. दोन्ही सिलिंडर एकाच वेळी टोकाला टेकत नसतील तर प्रत्येक झुकण्यात मास्ट पिळला जातो आणि पिन, बुश, रॉड सगळेच वाकड्या ओढीने झिजतात. सील हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी दोषाची शिक्षा भोगत असते. ते का गेले हे शोधणारा माणूस आणि ते फक्त बदलणारा माणूस, यांच्या कामात फरक आहे.

आता शेवटचा आक्षेप. आजची सील पॉलियुरेथेनची आहेत, दाब मोजणारे सेन्सर आहेत, काही यंत्रांत तेलाऐवजी विजेची मोटरच ढकलण्याचे काम करते; मग हाताने केलेल्या तपासणीचे दिवस संपले नाहीत का? याचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीत आहे. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातून 1970 च्या दशकात इंडिया मार्क टू हा पंप तयार झाला आणि देशभर, पुढे आफ्रिकेतही, लाखो माणसांना पाणी देऊ लागला. लोखंड दणकट होते. बंद पडण्याचे एक मोठे कारण होते जमिनीखालच्या सिलिंडरमधला चामड्याचा वॉशर. तो बदलायला सगळी पाइपलाइन वर ओढावी लागे, त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसे यावी लागत, आणि तोवर गाव कोरडे राही. 1980 च्या दशकात कोइम्बतूरच्या परिसरात या पंपांच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वॉशर आले, जे जास्त टिकले. पण तिथे थांबले नाहीत. पुढच्या मार्क थ्री पंपात पाइप न काढता पिस्टन वर घेता येईल अशी रचना केली गेली, म्हणजे गावातलीच माणसे वॉशर बदलू शकतील. चांगल्या वॉशरने तपासणीची गरज संपवली नाही. तपासणी सोपी आणि जवळची कशी होईल हा रचनेचाच प्रश्न झाला. सेन्सरचेही तसेच आहे. तो दाब उतरल्याचे सांगेल; रॉडवरचा ओरखडा कुठून आला हे तो सांगणार नाही.

या सगळ्याचा भार शेवटी कुणावर पडतो हेही विसरता येत नाही. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात माल शतकभर माणसांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून गेला; त्यांच्या नावातच माथा आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने त्या श्रमाला हक्क दिले. विक्रोळीत गोदरेजने आणि ठाण्यात व्होल्टासने फोर्कलिफ्ट बनवल्या, तेव्हा ते ओझे माथ्यावरून काट्यांवर गेले. पण हमाल गोदामातून गेला नाही. तो आता त्या काट्यांच्या आसपास काम करतो. पूर्वी ओझे जड झाले तर ते त्याला स्वतःच्या मानेत कळत होते. आता ते दुसऱ्याच्या मेहनतीवर, एका न दिसणाऱ्या सीलच्या ओठावर अवलंबून आहे. म्हणून नोंदवहीतला आकडा ही औपचारिकता नाही. मागच्या महिन्यात 10 मिनिटांत 2 अंश, या महिन्यात साडेतीन, अशी नोंद असेल तर दोन्ही आकडे मानकाच्या आत आहेत, आणि तरीही ते काहीतरी सांगत आहेत. मर्यादा ओलांडण्याआधी ते वाचणारा फिटर तेच करतो, जे मॉडस्लेच्या कडीने, स्टीफनसनच्या आधाराने आणि स्टोव्हच्या वॉशरला तेल पाजणाऱ्या हातांनी केले. गळती होणारच हे धरून चालायचे, आणि ती कुठवर आली आहे ते दुसऱ्याच्या डोक्यावर भार येण्याआधी मोजायचे.